घोड्याचे छुपे लंगडणे : तपासणी आणि निदान

पायात दुखणे आहे, पण सरळ रस्त्यावर चालताना ते डोळ्यांना दिसत नाही, या अवस्थेला घोड्याचे छुपे लंगडणे म्हणतात. असा घोडा ठाणावर चारही पायांवर उभा असतो, चंदी खातो, अंगावर कुठे सूज नसते. फरक पडतो तो कामात. एका बाजूला वळताना तो अडखळतो. खोगीर टाकताना कान मागे टाकतो. पिकअपमध्ये चढायला अडतो. वरातीत पुढचे पाय उचलायचा इशारा मिळाला की मान झटकून नकार देतो, आणि नालबंदाला चारपैकी नेमका एक पाय धरू देत नाही. मालक याला खोड म्हणतो आणि चाबूक जवळ करतो. बऱ्याच वेळा ती खोड नसते. घोड्याला खरोखर दुखत असते.

अमेरिकेतील घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने लंगडण्याची ० ते ५ अशी मोजपट्टी ठरवली आहे आणि ती इतर देशांतही वापरली जाते. पाचव्या पायरीवरचा घोडा पाय जेमतेम टेकतो किंवा टेकतच नाही. चौथीवरचा साध्या चालीतही लंगडताना दिसतो, तिसरीवरचा दुडकीत दर वेळी लंगडतो. छुपे लंगडणे असते पहिल्या आणि दुसऱ्या पायरीवर. दुसऱ्या पायरीचे दुखणे गोल फिरवल्यावर, स्वार बसल्यावर किंवा कठीण जमिनीवर हमखास दिसते. पहिल्या पायरीचे मात्र कधी दिसते, कधी नाही, आणि कसलेला डॉक्टरही ते पाहायला वेळ मागतो.

दुखणे लपते याला कारणे आहेत. मोकळ्या रानात दुबळा दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे दुखणे झाकून चालणे घोड्याच्या स्वभावातच आले आहे. दुखऱ्या पायावरचा थोडासा भार तो उरलेल्या तीन पायांवर वाटून टाकतो. दुसरे कारण जास्त फसवे आहे. उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते, म्हणून बहुतेक दुखणी पुढच्या पायांत, त्यातही खुरात निघतात. दोन्ही खूर सारखेच दुखत असतील तर घोडा कोणत्याच बाजूला झुकत नाही. तो फक्त आखूड पावले टाकतो, आणि मालकाला वाटते की जनावर आळसावले आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात घोडा आज मुख्यतः लग्नाच्या वरातीसाठी आणि हौसेसाठी पाळला जातो. शेजारी येवल्याचा घोडेबाजार आहे, आणि खानदेशात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथून घेतलेली मारवाडी आणि काठेवाडी जनावरे या भागात बरीच दिसतात. वरातीचा घोडा पावसाळ्यात महिनोन् महिने ठाणावर उभा राहतो आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदम डांबरी रस्त्यावर, मागच्या पायांवर उभा राहून नाचू लागतो. सराव तुटलेल्या सांध्यांवर आणि कंडरांवर असा ताण अचानक पडला की पाय दुखावतो. काळ्या जमिनीचा चिखल पावसात खूर मऊ करतो आणि त्यात घाण शिरते. द्राक्षबागेच्या बांधावर मांडवाच्या तारेचे तुकडे, खिळे आणि बाभळीचे काटे पडलेले असतात. थंडीचाही संबंध आहे. राज्यातले नीचांकी तापमान पुष्कळदा याच तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदले जाते. अशा पहाटे झिजलेला सांधा आखडतो आणि तासाभराच्या हालचालीनंतर मोकळा होतो. घोडा सकाळी लंगडतो की दमल्यावर, हा प्रश्न डॉक्टर विचारतात तो यासाठीच. झिजलेला सांधा बहुधा चालून सुधारतो. ताणलेली कंडरा कामाने बिघडत जाते.

डॉक्टरकडे जाण्याआधीची तयारी निदानाइतकीच महत्त्वाची आहे. घोडा कधीपासून बदलला, शेवटची नाल कधी ठोकली, चंदीत काय वाढवले, कोणत्या बाजूला वळताना अडतो, हे लिहून न्यावे. घरच्या अंगणात दुडकी चालवून मोबाइलवर चित्रफीत काढावी: एक समोरून, एक मागून, एक बाजूने. दवाखान्यात नव्या जागी बुजलेला घोडा दुखणे विसरून ताठ चालतो, तेव्हा ही चित्रफीत उपयोगी पडते. नाल आदल्या दिवशी बदलू नये आणि काढूनही आणू नये. घोडा रोज जसा काम करतो तसाच तो डॉक्टरला दिसला पाहिजे. रोज सांभाळणारा मोतद्दार बरोबर हवा, आणि जमले तर नालबंदही.

सगळ्यात मोठी चूक होते ती दुखणे मारणारे इंजेक्शन आधीच देऊन. वेदना दबली की लंगडणे दबते, आणि डॉक्टरपुढे शोधायला काहीच उरत नाही. औषध दिलेच असेल तर त्याचे नाव, मात्रा आणि वेळ सांगावी. मग तपासणी काही दिवस पुढे ढकलली जाते. डायक्लोफिनॅकचे नाव इथे मुद्दाम घेतले पाहिजे. हे औषध दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, म्हणून भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे अजून घरटी करतात. माणसांच्या औषधाच्या दुकानातून ही कुपी आणून घोड्याला टोचणे हा घोड्याचा, गिधाडाचा आणि कायद्याचा, तिन्हींचा अपराध आहे.

तपासणी सुरू होते उभ्या घोड्यापासून. डॉक्टर आधी लांबून पाहतात: एक पाय पुढे टाकून उभा आहे का, एका बाजूचे पुठ्ठे सुकलेले आहेत का, दोन खुरांचा आकार सारखा आहे का. दुखऱ्या पायावर घोडा महिनोन् महिने कमी भार देत असेल तर त्या पायाचा खूर दुसऱ्यापेक्षा अरुंद आणि उभट होतो. मग हात खांद्यापासून खाली उतरतो. कंडरा पाय उचलून दोन बोटांत दाबून पाहतात, सांधे चाचपतात, खुरावर तळवा ठेवून ऊब पाहतात, आणि खुराच्या वरच्या सांध्याजवळ नाडी शोधतात. निरोगी पायात ती जेमतेम लागते. खुरात दाह असेल तर बोटाखाली जोरात उडते. शेवटी लांब दांड्याचा चिमटा घेऊन तळव्याचा एकेक भाग आणि नालेचा एकेक खिळा दाबला जातो. ठरावीक जागी घोड्याने दर वेळी पाय ओढून घेतला की तिथे दुखते, एवढे पक्के होते.

यानंतर चाल. जागा सपाट आणि कठीण हवी. तालुक्यात द्राक्षांच्या पॅकहाऊससमोरचे काँक्रीटचे अंगण त्याला उत्तम. मोतद्दाराने दोर सैल धरून घोडा सरळ रेषेत आधी चालवत, मग दुडकीत न्यावा आणि आणावा. दोर आखडून धरला की मानेची हालचाल थांबते, आणि डॉक्टरांना पाहायची असते तीच हालचाल. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय एकाच वेळी पडतात, त्यामुळे डावी-उजवी तुलना सोपी होते. रेवाल चालीवर तयार केलेल्या घोड्यात ही जोडी मोडलेली असते. तो गुळगुळीत चालतो आणि दुखणे झाकतो, म्हणून त्यालाही काही पावले साधी दुडकी चालायला लावावी लागते.

पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर पडताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय पडताना खाली सोडतो. अनेक मालक नेमके उलटे समजतात, मान खाली गेली तोच पाय दुखरा धरतात आणि चांगल्या पायाला तेल चोळत बसतात. मागच्या पायासाठी पुठ्ठ्यांकडे मागून पाहतात. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. इथे एक फसगत ठरलेली आहे. मागचा डावा पाय दुखत असेल तर घोडा त्याच्याबरोबर पडणाऱ्या पुढच्या उजव्या पायाकडे भार ढकलतो, त्या क्षणी मान खाली जाते, आणि पाहणाऱ्याला पुढचा डावा पाय दुखतो असे वाटते.

सरळ रेषेत काही दिसले नाही तर घोडा लांब दोरावर दोन्ही बाजूंना गोल फिरवतात. वर्तुळात आतल्या पायावर भार वाढतो, त्यामुळे कठीण जमिनीवर खुराचे दुखणे आतल्या बाजूला उघडे पडते. मऊ, नांगरलेल्या जमिनीवर कंडरांचे दुखणे जास्त दिसते. पुढची पायरी सांधा दुमडण्याची. पायाचा खालचा भाग सुमारे एक मिनिट दुमडून धरतात आणि सोडताक्षणी घोडा दुडकीत पळवतात. दोन-तीन पावले अडखळणे चांगल्या घोड्यातही दिसते. अडखळत राहिला तर संशय बळावतो. एकट्या या चाचणीवर विसंबून निदान करू नये.

छुप्या लंगडण्याचा खरा निकाल लागतो तो बधिर करून पाहण्याच्या चाचणीत. खुराकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जागी केस कापतात, कातडी नीट धुतात, आणि बारीक सुईने दोन्ही बाजूंना थोडे लिग्नोकेन सोडतात. पाच-दहा मिनिटे थांबून टाचेवर पेनाचे टोक दाबतात. घोडा दचकला नाही म्हणजे भाग बधिर झाला. मग त्याच अंगणात पुन्हा दुडकी. लंगडणे गेले तर दुखणे बधिर केलेल्या भागात आहे. गेले नाही तर थोडे वर दुसरे इंजेक्शन, असे खालून वर सरकत जातात. दोन्ही खूर दुखणाऱ्या घोड्यात एक पाय बधिर होताच तो दुसऱ्या पायावर स्पष्ट लंगडू लागतो, आणि इतके दिवस आळस वाटलेल्या चालीचा उलगडा होतो. हाडाला चीर गेल्याचा संशय असेल तर ही चाचणी करत नाहीत, कारण वेदना नसलेला घोडा पाय जोरात टाकतो आणि चिरेचे तुकडे होतात.

क्ष-किरण आणि सोनोग्राफी या टप्प्यावर येतात, आधी नव्हे. जागा ठरली की हाडासाठी क्ष-किरण, कंडरेसाठी सोनोग्राफी. केसाएवढी चीर पहिल्या दिवशी फोटोत न दिसता १० ते १४ दिवसांनी दिसू शकते. पहिला फोटो स्वच्छ आला म्हणून घोडा कामाला लावणे धोक्याचे असते.

निदान पुष्कळदा साधे निघते. तळवा थोडा तासला की काळी रेघ दिसते, तिचा माग काढत गेले की करडा, घाण वासाचा पू बाहेर येतो आणि घोड्याला काही तासांत आराम पडतो. आत तारेचा तुकडा सापडतो, किंवा जिवंत भागाला खेटून बसलेला नालेचा खिळा. अशा जखमेनंतर धनुर्वाताची लस टाळता येत नाही, कारण घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. लग्नसराईत पेंड, धान्य आणि गूळ जास्त खाऊन होणारा खुरांचा दाह याहून गंभीर: दोन्ही खूर गरम, नाडी उडती, वळायला नकार. तिथे वाट पाहणे नाही. त्याच दिवशी डॉक्टर हवा.

तालुक्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाई, म्हशी आणि शेळ्यांत जातो. मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले तेव्हा शहरातल्या ट्रामसुद्धा घोडे ओढत. आज घोडा वर्षातून थोड्या वेळा दवाखान्याच्या दारात येतो. तरीही पहिली तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यातच करावी. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. पुढची सोय लागली तर त्याच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नाशिकचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि त्यापुढे परळ गाठता येते.

उपचार संपले म्हणजे घोडा मोकळा झाला असे नाही. ज्या अंगणात दुखणे दिसले, त्याच अंगणात, तसाच सैल दोर धरून, दोन्ही बाजूंना दुडकी तपासावी आणि मगच वरातीची सुपारी घ्यावी. दुखणाऱ्या जनावराला कामाला जुंपणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.