वल्ह्याची लय



आता पियानोवर जी रचना वाजविली जाणार आहे, ती अगदी लहान आहे. तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोन ह्यांनी ती १८३० साली व्हेनिस येथे मुक्कामी असता लिहिली. त्या नगरात रस्त्यांच्या जागी कालवे आहेत, आणि तेथील नावाडी वल्ही मारताना गात असत. त्या गीतांच्या धर्तीवर रचलेल्या संगीतास ‘बार्कारोल’ म्हणतात. इटालियन भाषेत ‘बार्का’ म्हणजे होडी.

हिची घडण समजण्यास पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण हवेच असे नाही. आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनांच्या दोन भागांचा. बार्कारोलची लयही बहुधा तशीच असते. डावा हात खालच्या सुरांत एकसारखा झुलत राहतो, ते वल्हे. उजवा हात वर गातो, तो नावाडी. येथे गाणे म्हणजे श्रमावर चढविलेला अलंकार नव्हे. श्रम सुसह्य करणारे ते साधनच होय. पुढे शोपँ ह्यांनी १८४६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बार्कारोलमध्ये ह्याच झुलत्या लयीस भव्य रूप दिले.

आपल्या शेजारच्या गोमंतकात पॅरिशच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. त्या भूमीतील कार्लुश एउजेनियु फेरैरा (१८६०–१९३२) ह्यांची एक देखणी १८९५ साली छापली गेली. तीत नर्तकी दामूच्या लग्नास जाण्याकरिता पैलतीरी नेण्याविषयी नावाड्यास विनविते आणि अंगावरील दागिनेही देऊ करते. व्हेनिसच्या गीतांत नावाड्याचे वल्हे ऐकू येते. ह्या देखणीत उतारूची आर्जवे. तिची चाल १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटामुळे साऱ्या देशास परिचित झाली.

आपली कृष्णा इस्लामपुरापासून दूर नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. असे पूल होण्यापूर्वी भरल्या नदीत नाव हाच पैलतीराचा मार्ग होता. पुलांनी लोकांची मोठी सोय झाली, ह्यात शंका नाही. परंतु काम गेले म्हणजे कामाबरोबरचे गाणेही निघून जाते. व्हेनिसच्या त्या नावाड्यांची नावे आज कोण सांगेल? त्यांची लय तेवढी उरली. कारण कोणी तरी ती मन लावून ऐकली आणि कागदावर उतरविली.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरातील आजोबांस वा आजीस नावेवरचे, मोटेवरचे अथवा जात्यावरचे एखादे गाणे आठवत असेल, तर ते शब्दांसह लिहून घ्यावे व त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावे. ‘पुढे पाहू’ असे म्हणू नये. आठवण असलेले कंठ फार काळ आपली वाट पाहणार नाहीत.

आता सर्वांनी शांतपणे ऐकावे, आणि प्रथम डाव्या हाताकडे लक्ष द्यावे.