आईबरोबर ऐकलेले चित्रपट

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या काही महिन्यांत आमच्या घरी बरेच मराठी चित्रपट पाहून झाले. काही दूरचित्रवाणीवर लागले म्हणून पाहिले, काही मुद्दाम शोधून लावले. त्यांच्याविषयी मला काय वाटलं, ते आज सांगणार आहे. ही समीक्षा नव्हे, घरच्या गप्पांतली मतं आहेत. पण ती ज्या तऱ्हेने तयार झाली, ती तऱ्हा आधी सांगायला हवी. हे चित्रपट मी आईबरोबर पाहिले, आणि आईला आता नीट दिसत नाही. वयोमानाने तिच्या दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत गेला आहे. कडेकडेचं थोडं दिसतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पडद्यावर काहीतरी हलतं आहे एवढं तिला कळतं. बाकी सगळं आवाजावरून.

मी शेजारी बसते आणि लागेल तेवढं सांगत जाते. "हा कोण गं?" असं तिने विचारलं की नाव सांगायचं. बराच वेळ कुणी बोललं नाही, तर काय चाललं आहे ते सांगायचं. असं करता करता माझ्याही कानांना सवय लागली. पडद्याकडे टक लावून बसण्यात ज्या गोष्टी आजवर निसटल्या होत्या, त्या ऐकू यायला लागल्या. काही चित्रपटांत मला तोंड उघडावंच लागत नाही. काहींत सारखं बोलावं लागतं, इतकं की माझ्या बोलण्यात मूळ संवाद बुडून जातात.

'सामना' हा पहिल्या प्रकारातला. 1974 चा चित्रपट, विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, रामदास फुटाण्यांची निर्मिती. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील. या दोघांतलं कोण बोलतं आहे, हे आईला एकदाही विचारावं लागलं नाही. ते केवळ आवाज ओळखीचे म्हणून नव्हे. निळूभाऊंचा हिंदूराव शब्द ओढतो, मध्येच थांबतो, पुढच्या माणसाला वाट पाहायला लावतो. साखर कारखाना, गाव, माणसं, सगळं आपलंच आहे ही खात्री त्या थांबण्यात आहे. मास्तर दारूत बुडालेला असला, तरी त्याची वाक्यं शिकलेल्या माणसाची आहेत. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हा एक प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आणि दर वेळी त्याचा सूर बदलतो. आधी नुसतं कुतूहल असतं, मग संशय येतो, मग तो प्रश्न त्याला झोपू देत नाही. हा चढ डोळे मिटून ऐकला तर अधिक स्पष्ट कळतो. माझ्या मते मराठी चित्रपटात आवाजाचा अभिनय याहून चांगला फार थोड्या ठिकाणी झाला आहे. 'सामना' अनेकांनी पाहिला आहे. त्यांना मी पुन्हा तो ऐकायला सांगेन.

त्यानंतर आम्ही पार मागे गेलो, 1936 मध्ये, प्रभातच्या 'संत तुकाराम'पर्यंत. पुण्यात तयार झालेला हा चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. यांपैकी दामले प्रभातच्या सुरुवातीच्या बोलपटांचे ध्वनिमुद्रक होते, हे मला या वेळी विशेष महत्त्वाचं वाटलं. मराठी चित्रपट बोलू लागून तेव्हा जेमतेम चारेक वर्षं झाली होती. यंत्रं बोजड होती, ध्वनीला खरखर आहे, आणि तरीही शब्दन् शब्द कळतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम बोलता बोलता गाऊ लागतो, तेव्हा बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, ही सीमा ऐकूनही सापडत नाही. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना तर पुष्कळांना तुकोबांचीच वाटली.

आईला मात्र सगळ्यांत आवडली ती तुकारामाची बायको जिजाई. गौरी या अभिनेत्रीने केलेली. तिचा आवाज गोड नाही, चढा आहे. संसाराने गांजलेल्या बाईचा, म्हशीवर, मुलांवर, नवऱ्यावर आणि वेळ आली तर विठोबावरही ओरडणारा आवाज आहे. पोर आजारी पडल्यावर ती पायताण उगारून देवळात जाते, तिथे आई म्हणाली, "बरोबर आहे तिचं." एवढंच म्हणाली, पण त्यात समीक्षेचा एक मोठा मुद्दा आला असं मला वाटतं. तुकारामाची भक्ती खरी वाटते, कारण समोर जिजाईचा व्यवहार तितकाच खरा आहे. तिच्या ओरडण्याशिवाय ते अभंग हवेत तरंगले असते.

आता नव्या चित्रपटांकडे येते, आणि इथे मला थोडी तक्रार करायची आहे. अलीकडच्या अनेक मराठी चित्रपटांत पार्श्वसंगीत थांबतच नाही. दुःखाच्या प्रसंगाला सतार किंवा व्हायोलिन, विनोदाला टुणटुण, आणि नायक दारातून आत आला की ढोल. नटाने वाक्य उच्चारण्याआधीच संगीत सांगून टाकतं की आता तुम्हाला काय वाटायला हवं. थिएटरात हे खपून जातं, कारण तिथे संवाद समोरच्या मधल्या स्पीकरमधून वेगळे येतात आणि संगीत आजूबाजूने येतं. घरी तोच ध्वनी टीव्हीच्या दोन बारीक स्पीकरांतून येतो. हल्लीच्या चपट्या टीव्हींत ते स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात. वर पंखा चालू. मग संवाद दबतो आणि संगीत अंगावर येतं. आवाज वाढवला की संगीत आणखी वाढतं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत, त्यांना हा अनुभव असणार. आम्ही टीव्हीला साधा वेगळा स्पीकर जोडला आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय होती ती सुरू केली. फरक पडला. पण हे काम चित्रपट करणाऱ्यांनीही करायला हवं. आज मराठी चित्रपटाचा फार मोठा प्रेक्षक घरी बसून पाहतो. त्याच्या कानांचा विचार ध्वनी मिसळतानाच व्हायला हवा.

तो विचार किती खोलवर होऊ शकतो, हे चैतन्य ताम्हाणे यांच्या दोन चित्रपटांत दिसलं. पहिला 'कोर्ट'. 2014 मध्ये व्हेनिसला पारितोषिकं मिळवून आलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. गटार साफ करणारा एक कामगार मरतो, आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवून शाहिरांवर खटला भरला जातो. शाहिरांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. 2021 मध्ये कोरोनाने त्यांचं निधन झालं. पोवाड्यांमागे संभाजी भगत आहेत.

चित्रपटाचा बराचसा भाग कनिष्ठ न्यायालयाच्या एका खोलीत घडतो, आणि ती खोली आईने माझ्या मदतीशिवाय पूर्ण उभी केली. खुर्च्या सरकतात, कागद फडफडतात, कुणीतरी खोकतं. गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या सरकारी वकीलबाई इंग्रजांच्या काळातल्या कायद्याची कलमं अशा एकसुरी आवाजात वाचतात की त्या वाचनाचीच भीती वाटावी. त्यात दुष्टपणा नावालाही नाही. रोजचं काम उरकणाऱ्या, घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईचा तो आवाज आहे. साक्षीदार काहीतरी सांगतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, आणि माणसाच्या तोंडचं बोलणं आपल्यासमोर सरकारी कागद होऊन जातं. हे सारं ऐकण्यासारखं आहे. आणि पोवाड्याचा प्रसंग आला की त्याच चित्रपटात आवाज एकदम छाती भरून येतो. न्यायालयाला ज्या आवाजाची धास्ती वाटते तो हा, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते. शिपाई दिवे घालवतात, दारं लागतात, खोली काळोखात बुडते आणि तो काळोख बराच वेळ राहतो. त्या वेळी पडद्यावर मला आणि आईला अगदी सारखंच दिसत होतं.

ताम्हाण्यांचा दुसरा चित्रपट 'द डिसायपल'. 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, पण मी पारितोषिकांसाठी त्याचं नाव घेत नाही. शास्त्रीय गायनात आयुष्य ओतणारा आणि तरी मोठा कलावंत होऊ न शकणारा शरद नेरुळकर हा त्याचा नायक. ही भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः गायक आहेत. गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड आहेत, म्हणजे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले गायक. त्यामुळे गळा एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे हलताहेत असा प्रकार नाही. सूर लागतो तेव्हा खरा लागतो, आणि शरदचा सूर जिथे लागत नाही, तिथे तो का लागत नाही हेही ऐकू येतं. यशस्वी कलावंतावरचे चित्रपट पुष्कळ झाले. प्रामाणिकपणे मेहनत करूनही न पोचलेल्या माणसाला एवढ्या आदराने वागवणारा चित्रपट मला दुसरा आठवत नाही.

शरद रात्री रिकाम्या मुंबईतून मोटारसायकलवर संथपणे जात असतो आणि कानात गुरुजींच्या गुरू माईंची ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकत असतो. माई पडद्यावर नाहीत, त्या फक्त आवाज आहेत. संथ, करारी, तडजोड न मानणारा आवाज. तो सुमित्रा भावे यांचा आहे. 'दोघी', 'देवराई', 'कासव' सुनील सुकथनकरांच्या साथीने करणाऱ्या सुमित्राताईंनी पूर्वी दिल्लीच्या आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या होत्या. 19 एप्रिल 2021 रोजी त्या गेल्या, आणि 30 एप्रिलला हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. मी हे सांगितल्यावर आईने माईंचा एक प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. नभोवाणीची सवय असलेल्या माणसाला तो आवाज आपल्याच खोलीत बसून बोलतो आहे असं वाटतं.

सुमित्राताई आणि सुकथनकरांचा 'अस्तु'ही आम्ही पाहिला. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात, त्याची गोष्ट. मोहन आगाशे फार चांगले आहेत. पण मनात राहिली ती माहुताची बायको, अमृता सुभाष यांनी केलेली कानडी बोलणारी चन्नम्मा. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आईला कानडी येत नाही. तरी त्या बाईची माया तिला कळली.

सगळ्या बाबतींत आमचं जमलं असं मात्र नाही. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मला अतिशय आवडतो. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला मुलगा, तो पाऊस, तो समुद्र. आईला तो आवडला नाही. त्यातली माणसं बोलतात कमी आणि बघतात जास्त. मी सांगून सांगून थकले आणि ती ऐकून ऐकून. चांगला चित्रपट आहे, यात मला शंका नाही, पण त्याचं सौंदर्य डोळ्यांना वाहिलेलं आहे.

आणि मग नागराज मंजुळे. 'फँड्री'त शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकराच्या मागे धावणारं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निसटतं. इथे एक वाक्य सांगितलं की पुरे होतं, कारण आधीची पळापळ आणि नंतरचं थबकणं दोन्ही ऐकू येतं. 'सैराट'चा शेवट तसा नाही. तोवर त्या चित्रपटात गाणी, वाद्यवृंद, गलका आहे, आणि शेवटी लहान मूल घरात येतं तेव्हा आवाज पूर्ण जातो. आईने विचारलं, "टीव्ही बंद पडला का गं?" नाही, म्हटलं, आणि जे दिसत होतं ते एकेक करून सांगितलं. मुलाचे ते पडलेले आईबाप, ते रडणारं मूल, दारातून बाहेर जाणारी त्याची रक्ताची पावलं. सांगताना माझा आवाज लागेना. ती शांतता मंजुळ्यांनी पूर्ण विचाराने योजली आहे, आणि ती योग्यच आहे. पण ज्याला दिसत नाही अशा प्रेक्षकाजवळ त्या वेळी सांगणारं कुणी नसेल, तर त्याच्यासाठी चित्रपट तिथेच तुटतो.

यावर उपाय आहे. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय घडतं ते मोजक्या शब्दांत सांगणारा वेगळा ध्वनिपट तयार करता येतो. ज्याला हवा त्याने तो लावायचा. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांत दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी अशा सोयी करण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. इंग्रजीत असं निवेदन घरबसल्याही मिळतं. आम्ही पाहिलेल्या मराठी चित्रपटांपैकी एकातही ते आम्हाला मिळालं नाही.

मराठीत या कामाला माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. आकाशवाणीच्या केंद्रांवर श्रुतिका लिहिणारे आणि सादर करणारे कलावंत हेच करत आले आहेत. न दिसणारं दाखवायला किती शब्द लागतात आणि कुठे गप्प बसायचं, हे त्यांना पक्कं माहीत आहे. मराठी निर्मात्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या मंडळींना बोलवावं, त्यांना योग्य मानधन द्यावं आणि आपल्या चित्रपटांना असं निवेदन जोडावं. सुरुवात 'सैराट'पासून करावी.