वायर आणि कान
(सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



हॉलसाठी साउंड सिस्टीम घ्यायची आहे. एका कोटेशनमध्ये नुसत्या वायरचे अठरा हजार लावलेत. "आवाजात फरक पडतो, काका," असं दुकानदाराचं म्हणणं. पैसा आपल्या वर्गणीचा, म्हणून बोलतो.

फरक कानानेच ठरवावा, पण किंमत झाकून. बँकेत सही तपासताना खातेदार किती मोठा हे बघायचं नसतं, तसंच हे. 2007 साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी उंची दर्जाचं रेकॉर्डिंग आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवलेलं, कोणतं कुठलं हे न सांगता ऐकवलं. 554 वेळा विचारलं, 276 वेळा उत्तर बरोबर. म्हणजे छापा-काटा! ऐकणाऱ्यांत रेकॉर्डिंगच्या धंद्यातलेही होते. पुढे 2016 साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा 18 प्रयोगांची बेरीज मांडली. बरोबर उत्तरं 52.3 टक्के; आधी सराव दिलेल्यांची साठच्या आसपास. तेव्हा कुणालाच काही कळत नाही, असंही मी म्हणणार नाही.

पण 2022 ची गंमत ऐका. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी महागड्या एलपी काढते. शौकीन म्हणायचे, शुद्ध ॲनालॉग आवाज, डिजिटलचा वास नाही. निघालं काय, तर 2011 पासून कित्येक तबकड्यांच्या कामात मध्ये डिजिटल प्रत वापरलेली! अकरा वर्षं त्या कानांना पत्ता नाही.

एक मात्र सगळ्यांनाच फसवतं. किंचित मोठा आवाज आपल्याला "चांगला" वाटतो. दुकानात डेमोला हे लक्षात ठेवा. आणि आपल्या वयाला वरच्या पट्टीतलं बरंचसं ऐकूच येत नाही, ते वेगळंच. आपल्या हॉलचा खरा रोग घुमण्याचा आहे. त्याला जाड पडदे लागतील.

तरी दुकानदारावर अन्याय नको. रविवारी सकाळी दहाला त्याची वायर आणि साधी वायर, दोन्ही आणवू. मीटर लावून आवाज सारखा करायचा, जोडणी पडद्याआड, चिठ्ठ्या टाकून, वीस वेळा. नुसत्या अंदाजानेही दहा बरोबर येतील. बी विंगच्या गाणाऱ्या वहिनींनी जरूर यावं. त्यांची पंधरा बरोबर आली, तर अठरा हजारांच्या चेकला माझी हरकत नाही.