अनुदान एकदा येते, फूटपाथ रोज लागतो



आपल्या प्रत्येकाच्या घरात रोज पायी चालणारे कोणी ना कोणी असते. शाळेत जाणारी नात, भाजी आणायला निघालेली आई, सायकलवर कामाला जाणारे शेजारी. त्यांच्या वाट्याला येणारी रस्त्याच्या कडेची जागा कोणाच्या पैशातून तयार होते आणि कोणाच्या पैशातून टिकते, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आपले शहर मुळात पायी चालणाऱ्यांचे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, त्या काळात मोटारीचा प्रश्नच नव्हता. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज ही ठिकाणे आजही चालतच पाहावीत अशी. पण जुन्या दरवाजातून आज मोटार येते, तेव्हा पायी माणसाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते.

आता पैशाचे पाहू. केंद्र सरकारने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी योजना सुरू केली. तिच्यात देशातील १०० शहरे घेतली गेली. तेव्हाच्या औरंगाबादची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. हिशेब साधा होता. केंद्राचे ५०० कोटी, राज्याचे २५० कोटी आणि महापालिकेचे २५० कोटी रुपये. म्हणजे ज्याला आपण अनुदान म्हणतो, त्यात चौथा हिस्सा महापालिकेचा, पर्यायाने आपलाच होता. शहर बस, कॅमेरे, ऐतिहासिक दरवाजांची दुरुस्ती अशी कामे त्यातून झाली.

पायी चालणाऱ्यांचा विचार ठळकपणे पुढे आला तो सप्टेंबर २०२० मध्ये. केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ नावाची शहरांची स्पर्धा जाहीर केली. तिची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. एकदम काँक्रीट ओतायचे नाही. आधी रंगाचे पट्टे, प्लॅस्टिकचे शंकू, झाडांच्या कुंड्या ठेवून रस्त्याची नवी मांडणी करून पाहायची. लोक काय म्हणतात ते ऐकायचे, चुकले तर बदलायचे आणि मगच पक्के बांधकाम करायचे. आपल्याकडे क्रांती चौक ते गोपाल टी, सिडकोतील कॅनॉट, पैठण गेट ते गुलमंडी असे रस्ते यासाठी निवडले गेले. जानेवारी २०२२ मध्ये देशातील अकरा विजेत्या शहरांत पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर यांच्याबरोबर आपले नाव झळकले. ही कौतुकाचीच गोष्ट आहे.

अशा वेळी व्यापारी विचारतात, ‘गाडी दुकानासमोर लागली नाही तर गिऱ्हाईक येईल का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषणाने मिळत नाही, मोजणीने मिळते. प्रयोगाच्या आधी आणि प्रयोगाच्या काळात दुकानासमोरून किती माणसे गेली, किती आत आली, हे दुकानदारांना बरोबर घेऊन मोजावे. कोलंबियातील बोगोटा शहर १९७४ पासून रविवारी काही रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलींना मोकळे करते. आठवड्यातून एक दिवस आपल्यालाही जड नाही.

खरी अडचण बक्षिसानंतर सुरू होते. अनुदान मिळते ते बांधण्यासाठी. उखडलेला पेव्हर ब्लॉक बसवणे, दिवा बदलणे, फूटपाथवर चढवलेल्या गाड्या हटवणे, वैशाखात रोपाला पाणी घालणे, हा खर्च दरवर्षीचा आणि तो महापालिकेचा. वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी पाहिलेल्या शहरात रस्त्याकडेची शोभेची हिरवळ कशी जगणार? त्यापेक्षा कडुनिंब, करंज लावावेत आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यांना द्यावे. स्मार्ट सिटी योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. योजना संपली, पण फूटपाथ आणि झाडे आपल्याच पदरात आहेत.

हे आत्ताच बोलण्याला कारण आहे. २०२५ मध्ये रस्ते रुंद करण्यासाठी शहरात मोठी पाडापाडी झाली. कित्येकांची दुकाने, घरे गेली. एवढी किंमत मोजून मिळालेली जागा पुन्हा गाड्या उभ्या करण्यातच जाणार असेल, तर त्या लोकांनी काय मिळवले? इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते, की फूटपाथवर किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट मोकळी जागा हवी. दोन चाकाच्या खुर्च्या शेजारून जातील एवढी. या सहा फुटांत विजेचा खांब नको, डीपी नको, फलक नको. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यांची जागा शहर फेरीवाला समितीने ठरवून द्यावी, म्हणजे त्यांचेही पोट चालेल आणि आपलीही वाट मोकळी राहील.

एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षे प्रशासकांचा कारभार होता. स्पर्धा, प्रयोग, बक्षीस हे सारे त्याच काळात घडले. आपल्या गल्लीतला रस्ता कसा असावा, हे विचारायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. म्हणून ही कामे पुष्कळांना परकी वाटली.

तेव्हा श्रोतेहो, माझी विनंती एवढीच. मत मागायला कोणी दारात आले, किंवा अर्थसंकल्पाचे दिवस आले, की एक प्रश्न जरूर विचारा. फूटपाथ आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या देखभालीसाठी यंदा वेगळी रक्कम ठेवली आहे का, आणि आमच्या वॉर्डाला त्यातली किती? नवे अनुदान येईल तेव्हा येवो. आहे तो फूटपाथ चालता ठेवण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)