रंगाचा हुंडा
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कातडीच्या रंगावरून होणाऱ्या भेदभावाविषयी गावोगाव व्याख्याने आणि शिबिरे घ्यावीत, असे आपण ठरविले आहे. समाजवाद्यांना हा विषय नवा नाही. गोऱ्या कातडीला सुंदर मानणे हा गोऱ्यांच्या सत्तेचा परिणाम आहे, आफ्रिकेतील लोकांनी जगावर राज्य केले असते तर सौंदर्याची मापे निराळी झाली असती, असे डॉ. राममनोहर लोहिया यांनी केव्हाच मांडले होते. आपण तो विचार भाषणापुरता वापरला आणि मुलगी पाहायला जाताना उंबऱ्याबाहेर ठेवला. मीही ठेवला. धाकट्या बहिणीला पाहायला आलेली मंडळी "नाकीडोळी नीटस आहे, पण..." असे म्हणून उठली, तेव्हा मी, चळवळीतला माणूस, पोह्यांच्या बशा गोळा करीत होतो आणि पुढच्या स्थळाला कोणता फोटो पाठवावा याचा विचार करीत होतो.

गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी, अशी आपल्या भाषेतली उतरंड आहे. वधूवरांच्या जाहिरातींत 'काळी' हा शब्द जवळजवळ येतच नाही. तिथे 'सावळी' म्हणजे काय, ते वाचणारा समजून घेतो. सावळ्या विठ्ठलाला आळवणाऱ्यांना सावळी सून का चालत नाही, असे विचारले की टाळ्या हमखास पडतात. त्यापलीकडे काही घडत नाही, हे अनुभवाने सांगतो.

रंग आणि जात यांची सांगड अधिक चिवट आहे. जात म्हणजे वंशभेद नव्हे, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. तरीही दलित घरातली मुलगी उजळ निघाली की "वाटत नाही हो!" असे उद्गार आजही निघतात, आणि बोलणाऱ्याला ती स्तुती वाटते. शिबिरात या एका वाक्यावर तासभर चर्चा झाली तरी चालेल.

बाजाराविषयी थोडक्यात. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० साली तिच्या नावातून 'फेअर' गेले, 'ग्लो' आले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. शब्द गेले, व्यवहार राहिला. शिवाय बिनलेबलाच्या काही मलमांत पारा असतो, तो मूत्रपिंडे खराब करतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरलेली स्टेरॉइडयुक्त मलमे कातडी पातळ करतात. हे बायकांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

चेन्नईतील 'विमेन ऑफ वर्थ' या संस्थेने २००९ साली 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू केली. तिच्याविषयी मला आदर आहे. पण काळा रंगही सुंदरच, एवढ्यावर आपण थांबलो तर बाईचे मोल रूपावरून ठरविण्याचा तराजू तसाच राहतो. फक्त पारडे थोडे हलते. बचत गटाच्या एका बैठकीत माझे व्याख्यान शांतपणे ऐकून एक बाई म्हणाल्या, "दादा, तुमचं पटतंय. पण पोरगी काळी म्हणून पाहुण्यांनी आकडा वाढवला, तो आम्ही कुठून आणायचा?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, एवढेच मी पुटपुटलो. त्या हसल्या.

त्या हसण्यानंतर मी कार्यक्रमाची रीत बदलली. मुलींना आत्मविश्वासाचे धडे देण्याआधी मुलांच्या आईबापांना बसवावे. प्रत्येकाने आपल्या घरी सून निवडताना रंगाविषयी काय बोलणे झाले, ते कागदावर नाव न घालता लिहावे; कागद मिसळून मोठ्याने वाचावेत. पहिल्या दहा कागदांपर्यंत लोक हसतात. पुढे हसत नाहीत. व्याख्यात्याने त्या वेळी बोलू नये. मला ते अजून नीट साधत नाही.

दुपारच्या सत्रात आपणही तेच करणार आहोत. कोरे कागद दाराशी ठेवले आहेत. ज्यांच्या घरी यंदा मुलाचे लग्न ठरायचे आहे, त्यांनी कृपया पुढच्या रांगेत बसावे.