रेवेचे गाणे

'रॉक' म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. मी मात्र दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या मंडळींचा कॉलेजात असल्यापासूनचा भक्त. १९९० साली निघालेला हा वाद्यवृंद. २००२ च्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका लहानशा सभागृहात त्यांना ऐकले. माणसे असतील दीडशे-दोनशे. मी अगदी पुढच्या सतरंजीवर. असीम चक्रवर्तींच्या तबल्यावरची शाई दिसावी इतका जवळ. गिटार आणि ड्रम यांच्या जोडीला तबला! आणि वाजवणाराच गातोही आहे. हे काही सोपे नव्हे.

बरोबर माझा खोलीतला सोबती होता, नंदुरबारकडचा. त्याला मी ओढूनच नेले होते. मग 'मा रेवा' सुरू झाले. रेवा म्हणजे आपली नर्मदा. बास गिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेले. हे लोकगीत त्यांनी त्या खोऱ्यातूनच आणलेले. सारे सभागृह टाळ्यांनी ठेका धरू लागले. मीही. शेजारी पाहतो तो गडी मान खाली घालून बसलेला. त्याच्या मामाचे शेत सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले होते. दोन वर्षे एका खोलीत राहून मला हे ठाऊक नव्हते. कधी विचारलेच नव्हते ना!

परतताना तो एवढेच म्हणाला, "आमच्याकडे नदीचं गाणं असं धावत नाही रे." मग बसथांब्यावर आपल्या बोलीतले एक गाणे त्याने हळू आवाजात म्हटले. शेवटची बस आली, ती आम्ही जाऊ दिली.