घरी ताक नसले तर केक कसा करावा



गोरेगावला 1949 साली आरे दुग्ध वसाहत झाली, पुढे केंद्रावर बाटलीतले दूध मिळू लागले, आणि पुष्कळ घरांतले ताक घुसळणे मागे पडले. बिनअंड्याच्या केकला मात्र ताकाचा आंबटपणा हवाच. ताक नसल्यास कपभर कोमट दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस ढवळून 10 मिनिटे ठेवावे. दूध किंचित फाटले, की झाले. त्यास अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा पुरे. आंबट व सोडा एकत्र येताच कर्बवायूचे बुडबुडे उठतात; ते विरण्यापूर्वी मिश्रण वाळूवर तापविलेल्या पातेल्यात गेले पाहिजे. आंबटाशिवाय सोडा घातल्यास केक साबणासारखा लागतो, आणि मुलाच्या वाढदिवसाचे लोणी-साखर फुकट जाते. एका लिंबाने ते वाचते.